पिन खिळायंत्र, वायवीय
संपीडित (दाबाखालील) हवेच्या साहाय्याने अतिशय बारीक, डोके नसलेले खिळे लाकडात ठोकणारे हातयंत्र. कारागीर त्याला ‘पिन गन’ म्हणतात. नाजूक सुतारकामात, तसेच दारे, खिडक्या, कपाटे व तसबिरींच्या चौकटी यांना शोभेच्या वा फट झाकणाऱ्या पट्ट्या बसविण्यासाठी ते वापरतात. या यंत्राने ठोकलेली पिन सांध्यावरील भार सहसा पेलत नाही. सरस घट्ट होईपर्यंत दोन भाग जागच्या जागी धरून ठेवणे हे तिचे मुख्य कार्य असते. या मर्यादेतच यंत्राची उपयुक्तताही सामावलेली आहे.

पिना : खिळ्यांच्या तारेची जाडी मापनांकाने (गेजने) दर्शवितात. हा अंक जितका मोठा, तितकी तार बारीक. पिन खिळायंत्रात २३ मापनांकाच्या, सु. ०·६४ मिमी. जाडीच्या व साधारणतः १० ते ५० मिमी. लांबीच्या पिना वापरतात. त्या एकमेकींना चिकटवून केलेल्या पट्टीच्या रूपात मिळतात. १८ मापनांकाच्या चुकेची जाडी सु. १·२ मिमी. असल्याने पिनेच्या छेदाचे क्षेत्रफळ तिच्या साधारणपणे एक-चतुर्थांश भरते. त्यामुळे पातळ पट्टीच्या टोकाजवळ ठोकली, तरी पिन बहुधा लाकूड फोडीत नाही आणि तिचे छिद्र थोड्याशा मेणाने वा लांबीने भरले की, रोगण दिल्यावर सहसा दिसत नाही. मात्र डोके नसल्यामुळे व पृष्ठभाग अल्प असल्यामुळे ओढ बसली असता पिन सहज निसटते.

पूर्वी अशा कामासाठी बारीक चुकेचे डोके छाटीत, लाकडात आधी छिद्र पाडीत, हातोडीने चूक ठोकून ती पंचाने आत दडपीत व वर लांबी भरीत. दर ठोक्यासरशी पट्टी थोडी सरकत असल्याने कोपऱ्यावरील ४५° चे तिरकस सांधे बिघडत. यंत्राने एका हाताने पट्टी धरून दुसऱ्या हाताने एकाच आघातात पिन बसविता येते. खिळे ठोकणारी वायवीय यंत्रे १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेत घरबांधणीसाठी वापरात आली. बारीक कामाची यंत्रे हे त्यांचेच लहान रूप होय.

रचना व कार्य : संपीडकातून (हवेचा दाब वाढविणाऱ्या यंत्रातून) लवचीक नळीने आलेली हवा यंत्राच्या मुठीतील पोकळीत साठते. चाप दाबताच झडप उघडते व ही हवा सिलिंडरातील दट्ट्यावर एकदम आदळते. दट्ट्याला जोडलेली पोलादी पाते-ठोकणी पट्टीतील पहिली पिन तोडून लाकडात घुसविते. खाली आलेला दट्ट्या रबरी गादीवर थांबतो. चाप सोडल्यावर वरची हवा बाहेर पडते, दट्ट्या पूर्वस्थितीत परततो आणि खिळेपेटीतील स्प्रिंग पुढील पिन तोंडाशी आणते. दर चौ. सेंमी.ला ५ ते ८ किग्रॅ. दाब बहुधा पुरतो. दर आघातास हवा थोडीच लागत असल्याने लहान संपीडकही चालतो.

वापरण्याची पद्धत : प्रथम त्याच जातीच्या लाकडाच्या टाकाऊ तुकड्यावर दाब ठरवितात. पिन पृष्ठाखाली किंचित दडली पाहिजे. दाब कमी असल्यास ती वर राहते व जास्त असल्यास ठोकणीचा ठसा उमटतो. पिनेची निम्म्याहून अधिक लांबी खालच्या लाकडात जाणे इष्ट असते, उदा., १० मिमी. जाडीच्या पट्टीसाठी २५ ते ३० मिमी. लांबीची पिन निवडतात. सांध्यास सरस लावून भाग जुळवितात व लगतच्या पिना परस्परविरुद्ध दिशांना किंचित कलत्या ठोकतात; त्यामुळे पट्टी सहज उचलली जात नाही. ज्या जागेवर नंतर रंधा वा कातणारे पाते फिरवावयाचे असेल, तेथे पिन ठोकीत नाहीत.

महाराष्ट्रातील शहरांत प्लायवुडच्या फर्निचराच्या उघड्या कडांवर लाकडी पट्टी (बीडिंग) बसविताना हे यंत्र उपयोगी पडते. खुर्चीचे पाय, खणांचे सांधे किंवा वजन पेलणाऱ्या फळ्या यांसाठी मात्र कुसू-साल सांधा, स्क्रू वा जाड खिळेच योग्य होत. सरस न लावता केवळ पिनांवर बसविलेली पट्टी लाकूड ऋतुमानानुसार फुगू-आकसू लागले की सैल होते. ओकसारख्या टॅनिनयुक्त लाकडात ओलाव्यामुळे साध्या पोलादी पिनेभोवती काळा डाग पडतो. अशा ठिकाणी अगंज (स्टेनलेस) पोलादाच्या पिना वापरतात.

निगा व सुरक्षितता : तेल लागणाऱ्या यंत्रात रोज वंगणाचे थोडे थेंब घालतात. ते जास्त झाल्यास बाहेर पडणाऱ्या हवेबरोबर लाकडावर उडतात व तेथे रोगण धरत नाही. हवेतील पाणी काढण्यासाठी नळीच्या मार्गात गाळणी बसवितात.

पिन जितकी बारीक, तितकी ती वाट चुकण्याचा संभव अधिक असतो. गाठ वा कठीण तंतू लागताच ती आतल्या आत वळते व अनपेक्षित बाजूने बाहेर येते. म्हणून पट्टी धरणारा हात पिनेच्या लांबीपेक्षा पुष्कळ दूर ठेवावा लागतो. डोळ्यांवर संरक्षक चष्मा आवश्यक असतो. अडकलेली पिन काढताना नळी आधी सोडवितात. नुसते चापावरचे बोट काढणे पुरेसे नसते. हवेऐवजी नळकांड्यातील ऑक्सिजन वा ज्वलनशील वायू कधीही वापरीत नाहीत, कारण त्यामुळे स्फोट होतो.

विद्युत् घटमालेवर चालणारी, नळीविरहित पिन खिळायंत्रेही आता मिळतात. ती वायवीय यंत्रांपेक्षा जड असली, तरी संपीडक नेणे गैरसोयीचे असते अशा ठिकाणी सोईची ठरतात.