पाळी चुकली, आता पुढे?

धाकटं अजून अंगावर पितंय आणि पुन्हा दिवस राहिले, असं शाळेत येणाऱ्या आया आम्हाला हळूच सांगतात. बहुतेकींची पहिली धाव मेडिकलवाल्याकडे. आम्हाला भीती त्याचीच वाटते. गर्भ नळीत असेल तर गोळ्यांनी तो पडत नाही. नळी फुटून जीव जाऊ शकतो. म्हणून आधी डॉक्टर, सोनोग्राफी. मिफेप्रिस्टोन, मग एक-दोन दिवसांनी मिसोप्रोस्टॉल, हे ९ आठवड्यांपर्यंत. त्यानंतर १२ आठवड्यांपर्यंत बहुधा सक्शनने पिशवी रिकामी करतात. सलग दोन तास, तासाला दोन मोठे पॅड भिजले, तर लगेच दवाखाना गाठावा.

१९७१च्या कायद्याप्रमाणे सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची सही लागत नाही. १२० दिवसांचा मसला आलिमांना जरूर विचारावा, पण लवकर. काढे पिण्यात आठवडे निघून जातात.