मांजरांमधील मूत्रविकार आणि आहार : खनिजांपेक्षा पाण्याचे महत्त्व अधिक

शहरांतील सदनिकांमध्ये वाढणाऱ्या मांजरांना ज्या व्याधी वारंवार जडतात, त्यांत मूत्राशय व मूत्रमार्गाचे विकार प्रमुख आहेत. लघवीसाठी वारंवार बसणे, बराच वेळ बसूनही थेंबभरच मूत्र होणे, मूत्रात रक्त दिसणे, ठरलेली जागा सोडून न्हाणीघरात किंवा गादीवर लघवी करणे, गुप्तांग सतत चाटत राहणे ही त्यांची सर्वसाधारण लक्षणे होत. या विकारांपैकी बहुतेकांचा संबंध मांजराच्या आहाराशी, आणि त्याहूनही अधिक त्या आहारातील पाण्याशी आहे.

आहाराचा विचार करण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. बोक्याचा मूत्रमार्ग शेवटच्या टोकाशी अतिशय अरुंद असतो. त्यात बारीक खडा, अथवा स्फटिक आणि चिकट प्रथिने यांचा गोळा अडकल्यास मूत्र पूर्णपणे थांबते. अशा वेळी बोका कुंथत बसतो, ओरडतो, पुढे उलट्या करतो आणि निपचित पडून राहतो. अनेक घरांत यास बद्धकोष्ठ समजून एरंडेल किंवा तूप पाजण्यात येते व त्यात मोलाचा वेळ जातो. मूत्र अडल्यावर रक्तातील पोटॅशियमचे प्रमाण वाढत जाते, हृदयाची गती बिघडते आणि एक-दोन दिवसांत मृत्यू ओढवू शकतो. ही अवस्था आहाराने सुधारणारी नाही. बोका कुंथतो आहे आणि मूत्र होत नाही असे दिसताच, रात्र असली तरी, पशुवैद्यकाकडे जाणे हाच उपाय होय. या स्थितीत नारळपाणी पाजणे विशेष घातक ठरते, कारण त्यात पोटॅशियम भरपूर असते. वेदनेसाठी माणसांचे पॅरासिटॅमॉल देणे त्याहूनही वाईट. त्याची एक गोळी मांजराचा प्राण घेण्यास पुरेशी आहे.

मांजराच्या शरीराला मूत्रविकार का जडतात, हे समजण्यासाठी त्याच्या पूर्वजांकडे पाहावे लागते. पाळीव मांजर हे आफ्रिका व पश्चिम आशियाच्या रुक्ष प्रदेशांतील रानमांजरापासून उत्पन्न झाले आहे. या प्राण्याला पाणी मिळत असे ते मुख्यत्वे भक्ष्यातून. उंदराच्या शरीरात सुमारे ७० टक्के पाणी असते. त्यामुळे तहान तीव्रतेने जाणवण्याची गरज या जातीला फारशी पडली नाही. उलट मूत्र अत्यंत घट्ट करून पाणी वाचवण्याची क्षमता तिच्या मूत्रपिंडांत विकसित झाली. वाळवंटात वरदान ठरलेला हा गुण दाण्यांच्या वाडग्यासमोर अडचणीचा ठरतो. मूत्र जितके घट्ट, तितकी त्यातील खनिजे स्फटिकरूप होण्याची शक्यता अधिक.

साधे गणित पाहता येईल. चार किलो वजनाच्या मांजराला दिवसाकाठी सर्व मिळून साधारण २०० ते २४० मिलिलिटर पाणी लागते. बाजारात मिळणाऱ्या कोरड्या दाण्यांत पाण्याचे प्रमाण ६ ते १० टक्के असते. त्याला दिवसभरासाठी ६० ग्रॅम दाणे दिले, तर त्यांतून जेमतेम पाच मिलिलिटर पाणी मिळेल. तेवढीच ऊर्जा देणारे ओले अन्न सुमारे २५० ग्रॅम भरते आणि त्यात २०० मिलिलिटरच्या आसपास पाणी असते. कोरडे अन्न खाणारे मांजर वाडग्यातील पाणी अधिक पिते हे खरे, परंतु ही तूट ते सहसा पूर्ण भरून काढत नाही.

मूत्रात तयार होणाऱ्या खड्यांचे दोन मुख्य प्रकार आहेत. मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेट यांपासून बनणारा तो स्ट्रुवाइट. दुसरा कॅल्शियम ऑक्झलेट. या दोहोंचा गेल्या काही दशकांतील इतिहास उद्बोधक आहे. १९७० च्या दशकात मांजरांच्या अन्नातील ‘राख’, म्हणजे एकूण खनिजांचे प्रमाण, हेच रोगाचे मूळ मानले जाई. पुढे दोष मॅग्नेशियमकडे व अल्कधर्मी मूत्राकडे असल्याचे दिसून आले. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात प्राध्यापक कार्ल ऑस्बॉर्न यांनी १९८१ साली सुरू केलेल्या मूत्रखडे विश्लेषण केंद्राकडे त्या वर्षी आलेल्या मांजरांच्या खड्यांपैकी सुमारे ७८ टक्के स्ट्रुवाइटचे होते, तर ऑक्झलेटचे अवघे २ टक्के. त्यानंतर उत्पादकांनी अन्नातील मॅग्नेशियम कमी केले आणि मूत्र आम्लधर्मी होईल अशी रचना केली. स्ट्रुवाइटचे खडे घटले; मात्र १९९० च्या दशकात ऑक्झलेटचे खडे झपाट्याने वाढले व काही काळ त्यांनी स्ट्रुवाइटला मागे टाकले. या वाढीमागे अन्नातील बदल हे एक महत्त्वाचे कारण मानले जाते. एका खनिजामागे लागले की दुसरे डोके वर काढते, असा हा अनुभव आहे. मूत्र पातळ ठेवण्याचा उपाय मात्र दोन्ही प्रकारच्या खड्यांना लागू पडतो.

उपचाराच्या दृष्टीने या दोन खड्यांतील फरक निर्णायक आहे. स्ट्रुवाइटचा खडा योग्य औषधी आहाराने विरघळतो. त्यास साधारणपणे दोन ते पाच आठवडे लागतात. अमेरिकन कॉलेज ऑफ व्हेटरिनरी इंटर्नल मेडिसिन या संस्थेच्या २०१६ सालच्या मार्गदर्शक शिफारशींनुसार, स्ट्रुवाइटची शक्यता असल्यास शस्त्रक्रियेपूर्वी आहाराने तो विरघळवण्याचा प्रयत्न करावा. ऑक्झलेटचा खडा कोणत्याही आहाराने विरघळत नाही. तो काढावाच लागतो आणि आहाराचे कार्य तो पुन्हा होऊ न देणे एवढेच उरते. आपल्याकडे हौसेने पाळल्या जाणाऱ्या पर्शियन मांजरांत ऑक्झलेटची प्रवृत्ती अधिक आढळते. त्यामुळे क्ष-किरण किंवा सोनोग्राफीची तपासणी न करता केवळ ‘मूत्रविकारावरील अन्न’ असे लिहिलेली पिशवी दुकानातून आणणे योग्य नव्हे. मूत्रात स्फटिक दिसले म्हणजे खडा झालाच, असेही नाही. नमुना बराच वेळ ठेवला किंवा शीतकपाटात थंड झाला तरी त्यात स्फटिक तयार होतात.

लक्षणे दिसणाऱ्या निम्म्याहून अधिक मांजरांत मात्र खडाही नसतो आणि जंतुसंसर्गही नसतो. तरुण मांजरांत जंतुसंसर्ग तर क्वचितच आढळतो, त्यामुळे प्रत्येक वेळी प्रतिजैविके देण्याचे कारण नसते. मूत्राशयाचा हा दाह नेमक्या कारणाविना उद्भवतो आणि ताणतणावाशी त्याचा निकटचा संबंध आहे. घर बदलणे, नवे मांजर येणे, बांधकामाचा आवाज, दिवाळीतील फटाके अशी निमित्ते पुरतात. ओहायो स्टेट विद्यापीठातील टोनी बफिंग्टन व सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मांजराच्या परिसरात सुधारणा केल्यावर लक्षणे लक्षणीयरीत्या घटल्याचे आढळले. बसण्यास उंच जागा, लपण्यास निवारा, खेळ, स्वच्छ व पुरेशा पेट्या यांचा अशा सुधारणांत समावेश होतो.

या विकारातही ओल्या अन्नाचा उपयोग दिसून आला आहे. अमेरिकी पशुवैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एकाच प्रकारचा आहार काही मांजरांना ओल्या व काहींना कोरड्या स्वरूपात देण्यात आला. वर्षभरात ओले अन्न खाणाऱ्यांपैकी ११ टक्के मांजरांत विकार उलटला, तर कोरडे खाणाऱ्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. अभ्यास लहान होता, तरी त्याचा कल स्पष्ट आहे. हा दाह बहुधा आठवडाभरात आपोआप शमतो, हेही लक्षात ठेवावे. म्हणूनच त्या आठवड्यात जवाचे पाणी दिले असेल तर जवाला, आणि अंगारा लावला असेल तर अंगाऱ्याला श्रेय मिळते.

भारतीय घरांतील मांजरांचा आहार प्रदेशागणिक बदलतो. बंगालमध्ये मासे-भात, केरळात मत्तीची डोकी, कोकणात व गोव्यात बांगड्याचे तुकडे किंवा सुके बोंबील, तर देशभरातील असंख्य घरांत दूध-भात आणि दुधात कुस्करलेली पोळी दिली जाते. मांजर हे निखळ मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन हे अत्यावश्यक द्रव्य त्याला मांस-मासळीतूनच मिळते. धान्यप्रधान आहाराने त्याचे मूत्र अल्कधर्मी होते व स्ट्रुवाइटला वाव मिळतो. दूध हा पाण्याला पर्याय नाही. पुष्कळ प्रौढ मांजरांना ते पचत नाही आणि जुलाबातून उलट पाणीच जाते. सुक्या मासळीत मीठ व खनिजे दाटलेली असतात, त्यामुळे तिचा रोजच्या आहारात समावेश करू नये. शाकाहारी कुटुंबांपुढे येथे खरा पेच उभा राहतो. घरात मांस शिजवायचे नसेल, तर ‘संपूर्ण व संतुलित आहार’ असा स्पष्ट उल्लेख असलेली तयार पाकिटे वापरता येतील. पण मांजराला आपल्या ताटातील आहारावर ठेवण्याचा आग्रह त्याच्या प्रकृतीला मानवणारा नाही.

ओली पाकिटे महाग पडतात, ही तक्रार रास्त आहे. केवळ त्यांवर मांजर पोसायचे तर दिवसाला तीन पाकिटे लागतात. खर्च आवरण्यासाठी निम्मी ऊर्जा ओल्या व निम्मी कोरड्या अन्नातून देता येईल. दाणे कोमट पाण्यात भिजवून देणे हाही उपयुक्त मार्ग आहे. ओल्या अन्नातच एक-दोन चमचे पाणी कालवले तर बहुतेक मांजरे ते खातात. कोंबडी उकडलेले पाणी अनेकांना आवडते, मात्र त्यात मीठ, कांदा अथवा लसूण असता कामा नये; कांदा-लसूण मांजराच्या तांबड्या रक्तपेशी नष्ट करतात. नुसते उकडलेले मांस संपूर्ण आहार म्हणून पुरेसे नाही, कारण त्यात कॅल्शियम अत्यल्प असते. ती तूट भरण्यासाठी मनाने कॅल्शियमचे औषध, ‘ड’ अथवा ‘क’ जीवनसत्त्व देणेही टाळावे, कारण त्यांच्या अतिरेकातून ऑक्झलेटचा धोका संभवतो. मूत्र आम्लधर्मी करण्यासाठी लिंबू किंवा व्हिनेगर घालण्याचे प्रयोग घरी करू नयेत.

भिजवलेले अन्न उन्हाळ्यात व पावसाळी दमटपणात लवकर आंबते. ते तास-दोन तासांत उचलून टाकावे आणि दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे द्यावे. वाडगा दिवसभर भरून ठेवण्याच्या सवयीने मांजर लठ्ठ होते, आणि लठ्ठ, नसबंदी झालेले व सदैव घरात राहणारे बोके या विकारांना अधिक बळी पडतात. पाण्याची भांडी पसरट असावीत, एकाहून अधिक ठिकाणी आणि लघवीच्या पेटीपासून दूर ठेवावीत व रोज घासावीत. काही मांजरे वाहते पाणी पसंत करतात. अशांसाठी विजेवर चालणारे छोटे कारंजे मिळते.

आहारातील बदल सावकाश, सात ते दहा दिवसांत करावा. जुन्या अन्नात नवे थोडे थोडे मिसळत जावे. ‘भूक लागली की खाईल’ हा समज मांजराच्या बाबतीत धोक्याचा आहे. दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या यकृतात चरबी साठून गंभीर आजार उद्भवतो. पिल्ले, गाभण मांजरे व मूत्रपिंडाचा जुना विकार असलेली मांजरे यांना मूत्रविकारावरील औषधी अन्न पशुवैद्यकाच्या सल्ल्याविना देऊ नये. त्यांपैकी काही अन्नांत तहान वाढावी म्हणून मीठ अधिक घातलेले असते.

उपाय लागू पडतो आहे की नाही, हे मूत्राच्या विशिष्ट गुरुत्वावरून ठरते. खडे टाळण्यासाठी ते १.०३० च्या खाली राखावे, अशी २०१६ च्या शिफारशींतील सूचना आहे. ही तपासणी पशुवैद्यक काही मिनिटांत करू शकतात. घरी त्याचा अंदाज घेण्यासाठी पेटीतील मातीचे गोळे पाहावेत. पाणी वाढल्यावर हे गोळे पूर्वीपेक्षा मोठे होतात. ते लहान आणि अनेक होऊ लागले, किंवा बोक्याच्या पेटीत अर्धा दिवस एकही गोळा दिसला नाही, तर पुढील तपासणीच्या तारखेची वाट पाहू नये.