साठीनंतरची झोप आणि स्मरणशक्ती

• किती झोपावे? पासष्टीनंतर ७ ते ८ तास, अशी अमेरिकेच्या नॅशनल स्लीप फाउंडेशनची शिफारस आहे. वयानुसार गाढ झोप घटते आणि रात्री वारंवार जाग येते.

• अभ्यास काय सांगतो? ब्रिटनमधील ‘व्हाइटहॉल २’ या अभ्यासात सुमारे ८,००० सरकारी कर्मचाऱ्यांचा २५ वर्षे मागोवा घेतला गेला. पन्नाशीपासून सत्तरीपर्यंत सातत्याने ६ तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांत डिमेन्शियाचा धोका ७ तास झोपणाऱ्यांपेक्षा सुमारे ३० टक्के जास्त आढळला (२०२१).

• कारण की लक्षण? अपुरी झोप हे डिमेन्शियाचे कारण आहे, असे यातून सिद्ध होत नाही. झोप बिघडणे ही आजाराची सुरुवातही असू शकते.

• घोरणे: घोरता घोरता श्वास थांबणे, मग दचकून जाग येणे आणि दिवसभर पेंग येणे ही स्लीप अ‍ॅप्नियाची चिन्हे असू शकतात. त्यावर उपचार आहेत. तपासणी करून घ्यावी.

• गोळ्या: झोपेच्या अनेक गोळ्या आणि सर्दी-खोकल्याच्या काही औषधांतले डायफेनहायड्रामिन यांमुळे ज्येष्ठांना भ्रम होऊ शकतो, तोल जाऊ शकतो. डॉक्टरांना न विचारता त्या सुरू करू नयेत, एकदम बंदही करू नयेत.

• दिनक्रम: उठण्याची वेळ ठरलेली ठेवावी, सकाळी उन्हात फिरावे, वामकुक्षी अर्ध्या तासात आटोपावी आणि संध्याकाळचा चहा टाळावा.