गोदाकाठचा वेताळ

विक्रम-वेताळाच्या गोष्टी कुठल्या, असं विचारलं तर बहुतेक जण उज्जैनचं नाव घेतात. काश्मीरच्या सोमदेवाने अकराव्या शतकात रचलेल्या 'कथासरित्सागरा'त मात्र वेगळा पत्ता आहे: गोदावरीकाठचं प्रतिष्ठान, म्हणजे आपलं पैठण. राजाचं नाव त्रिविक्रमसेन. याच नदीच्या खालच्या अंगाला नांदेड वसलंय, आणि लातूरची मांजराही पुढे गोदावरीलाच मिळते. तेव्हा हा वेताळ आपल्याच मुलखातला.

सोमदेवाने आधार घेतला तो गुणाढ्याच्या 'बृहत्कथे'चा. आख्यायिका अशी, की सातवाहन राजाने पैशाची भाषेतला तो ग्रंथ झिडकारला. मग गुणाढ्य अरण्यात अग्नी पेटवून एकेक पान वाचायचा आणि जाळायचा. जनावरं चरणं विसरून ऐकत राहिली, इतकी की राजाच्या ताटात सुकं मांस येऊ लागलं. कारण शोधत राजा पोचेपर्यंत सात लाखांपैकी सहा लाख श्लोक जळून गेले होते. वेताळकथा मूळ बृहत्कथेत होत्या का, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. पण गोष्टीच्या ताकदीविषयी इतकी जबरदस्त गोष्ट मला दुसरी माहीत नाही.

वेताळाची सहावी कथा घ्या. मदनसुंदरीचा नवरा आणि भाऊ, दोघांनीही देवीपुढे शिर वाहिलं. देवीने दोघांना उठवायचं मान्य केलं, पण घाईघाईत तिच्याकडून मुंडकी बदलली गेली. आता नवरा कुणाला म्हणायचं? राजा म्हणतो, ज्याच्या धडावर नवऱ्याचं डोकं आहे त्याला. थॉमस मान यांनी १९४० साली याच पेचावर कादंबरिका लिहिली, गिरीश कर्नाडांनी 'हयवदन' नाटक. मुलांना मात्र यातलं काहीच ठाऊक असावं लागत नाही. ती थेट राजाशी भांडतात.

मराठी 'चांदोबा' मासिक १९५२ साली सुरू झालं आणि वेताळ घरोघरी गेला. खांद्यावर प्रेत, हातात तलवार हे चित्रकार शंकर यांचं चित्र दोन-तीन पिढ्यांच्या डोळ्यांपुढे आहे. पण सगळ्यात मोलाचा भाग आपण मुलांना क्वचितच सांगतो. तेवीस वेळा राजाने उत्तर दिलं आणि दर वेळी वेताळ झाडावर परतला. चोविसाव्या कोड्याला राजाला खरोखरच उत्तर सुचलं नाही. तो गप्प राहिला, आणि त्याच्या धैर्यावर प्रसन्न होऊन वेताळाने त्याला प्रेत आणायला पाठवणाऱ्या कपटी भिक्षूचा डाव सांगितला. त्यामुळे राजाचा जीव वाचला.

लातूर पॅटर्नच्या आणि नांदेडच्या शिकवणी वर्गांच्या या पट्ट्यात राजाचं हे मौन मला फार महत्त्वाचं वाटतं. इथलं पोर चार पर्यायांतला एक निवडायला लवकर शिकतं, आणि चुकलं की गुण कापले जातात. मेहनती मुलं आहेत ती. त्यांच्या यशाचा मला अभिमान आहे. पण ज्याला ठरावीक पर्यायच नाहीत असा प्रश्न त्यांना कोण विचारणार? ते काम अद्भुतकथाच करू शकते.

म्हणून पालकांना आणि शिक्षकांना एवढीच विनंती. आठवड्यातून एका रात्री वेताळाची गोष्ट सांगा, प्रश्नापाशी थांबा आणि राजाचं उत्तर लगेच सांगू नका. आधी पोराला बोलू द्या.