भाऊ, किती मेगापिक्सलचा आहे जी?

नरखेडहून नागपूरकडे जाणाऱ्या गाडीत गळ्यात कॅमेरा अडकवून बसलं, की काटोल यायच्या आत समोरच्या बाकावरून प्रश्न येतोच, "भाऊ, किती मेगापिक्सलचा आहे जी?" मग झूम किती, मग केवढ्याला घेतला. माझा आकडा २०. तो ऐकला की विचारणारा खिशातून फोन काढतो, "याच्यात तर १०८ आहे," म्हणतो आणि माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहतो.

आकडा जितका मोठा तितका फोटो चांगला, हा सगळ्यात जुना आणि सगळ्यात चिवट गैरसमज. एक मेगापिक्सल म्हणजे दहा लाख ठिपके. अल्बममध्ये लावतो त्या ४ बाय ६ इंची फोटोला, इंचाला ३०० ठिपके धरले तरी, १२०० गुणिले १८०० म्हणजे जेमतेम २२ लाख ठिपके लागतात. घरातल्या ४के टीव्हीचा अख्खा पडदा ८३ लाखांत भरतो. १२ मेगापिक्सलच्या फोटोची १३ बाय १० इंचाची फ्रेम करून भिंतीवर लावली तरी तो फाटत नाही. आणि तो १०८ वाला फोन? नेहमीच्या मोडमध्ये तो शेजारशेजारचे नऊ ठिपके एकत्र करतो आणि १२ मेगापिक्सलचाच फोटो हातात देतो. जाहिरातीतला आकडा जाहिरातीतच राहतो.

फोटोचा जीव असतो प्रकाशात. भर पावसात अंगणात एक वाटी आणि एक परात ठेवली, तर जास्त पाणी कशात साचेल हे शाळेतलं पोरगंही सांगेल. कॅमेऱ्यातला सेन्सर हे तसलंच भांडं. स्वस्त, खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्यांत बहुतेकदा १/२.३ इंची म्हणवला जाणारा सेन्सर असतो. त्याचं खरं माप साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटर, म्हणजे तुरीच्या दाण्याएवढं. त्याच्या वरची पायरी 'एक इंची' सेन्सरची. इथेही नाव फसवं आहे. तो एक इंच कुठूनही भरत नाही, १३.२ बाय ८.८ मिलिमीटर भरतो. ही मापं जुन्या टीव्ही कॅमेऱ्यातल्या काचेच्या नळ्यांवरून आली. नळ्या गेल्या, मापाची नावं राहिली. तरी क्षेत्रफळ तुरीच्या दाण्याच्या चौपट आहे, आणि संध्याकाळच्या फोटोत ते लगेच कळतं.

म्हणून बारका सेन्सर टाकाऊ, असं मात्र नाही. हे कॅमेरे भिंगाच्या अगदी पुढ्यात, काही तर एका सेंटिमीटरवर ठेवलेली वस्तूही स्वच्छ टिपतात. आंबिया बहाराची फुलं लागली की संत्र्याच्या बगिच्यात जाऊन बघा. महागड्या डीएसएलआरला त्याच्या नेहमीच्या लेन्सनं फुलातला पिवळा केसर असा जवळून घेता येत नाही, तो हा छोटा घेतो. उजेड भरपूर असला की झालं, आणि आपल्याकडे उजेडाचा तुटवडा नाही.

आता झूम. इथे पैसे सगळ्यात जास्त वाया जातात, म्हणून थोडं थांबून सांगतो.

खोक्यावरचा '४० एक्स' म्हणजे वस्तू ४० पट मोठी दिसणार, असा आपला समज असतो. तो आकडा फक्त एक भागाकार आहे. कॅननच्या एसएक्स ७४० एचएस या कॅमेऱ्याच्या भिंगावर ४.३ ते १७२.० मिमी असं छापलंय. १७२ ला ४.३ नं भागा, ४० येतात. बस, एवढंच. सुरुवात किती रुंद आहे यावर शेवट किती लांब जाईल ते ठरतं. त्याच भिंगावर १:३.३-६.९ असाही आकडा आहे, आणि तो कोणी वाचत नाही. झूम पूर्ण ताणला की तो ३.३ वरून ६.९ वर जातो. हा आकडा जितका मोठा तितका उजेड कमी, म्हणजे आत येणारा प्रकाश चौपटीनं घटतो. दुपारी मोवाडच्या पुलावरून वर्धा नदीतला बगळा टिपताना काही जाणवणार नाही. पहाटे साडेसहाला जंगलात, बांबूच्या सावलीत मात्र तोच झूम वाघाच्या जागी पिवळा ढग देतो.

"पण त्यात स्टॅबिलायझर आहे ना?" आहे. तो तुमच्या हाताची थरथर सावरतो. वाघाचं चालणं तो थांबवू शकत नाही. चालतं जनावर गोठवायला शटर झटकन मिटावं लागतं, त्यासाठी प्रकाश हवा, आणि आपण पुन्हा त्या वाटी-परातीपाशी येतो.

आणि 'डिजिटल झूम' हा शब्द दिसला की तो आकडा खोडून टाकायचा. तो झूम नाही, कात्री आहे. फोटोचा मधला तुकडा कापून ताणलेला असतो. ते काम घरी बसून फोनवर फुकट होतं.

याच्या अगदी उलट टोकाचा समज आहे, की फोन असताना कॅमेरा कशाला. लग्नाला, पोळ्याला, नागपूरच्या बाजाराला फोन पुरतो, आणि ज्याला एवढंच करायचं आहे त्यानं कॅमेऱ्याचे पैसे बगिच्यातल्या ठिबकवर घालावेत, असं मी सरळ सांगतो. पण आपल्या भागातल्या माणसाचा प्रवास बऱ्याचदा जंगलाकडे वळतो. ताडोब्याच्या सफारीत मोबाइल नेता येत नाही. सफारीतल्या वागण्यावर न्यायालयांचीही नजर आहे. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या जिप्सींनी वाघीण आणि तिच्या बछड्यांची वाट अडवली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं त्याची स्वतःहून दखल घेतली. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातल्या पर्यटनात मोबाइल वापरू न देण्याचे निर्देश दिले. तेव्हा दीड लाखाचा फोन गेटवर जमा होतो आणि साधा कॅमेरा आत जातो. कॅमेऱ्याचं वेगळं शुल्क आहे का, हे बुकिंग करतानाच विचारून घ्यावं.

मग डीएसएलआरच घ्यावा का? "भारीतला घे, आयुष्यभर कामी येईल," असं सांगणारा एक काका प्रत्येक घरात असतो. बॉक्समध्ये मिळणारी १८-५५ ची लेन्स डोळ्याला दिसतं त्याच्या आसपासच दाखवते. ती वाघाला जवळ आणत नाही. त्यासाठी दुसरी लेन्स, मग बॅग, मग ती बॅग पाठीवर. कॅननच्या १५०० डीची नुसती बॉडी बॅटरी-कार्डासह ४७५ ग्रॅम भरते, लेन्स वेगळी. वर सांगितलेला एसएक्स ७४० सगळा मिळून २९९ ग्रॅम. लेन्स बदलताना आत जाणारी धूळही हिशेबात धरा. उन्हाळ्यात नरखेड-जलालखेडा रस्त्यानं दुचाकीवर गेलेल्याला वेगळं सांगायला नको. नवशिक्या प्रवाशाला मी डीएसएलआर सुचवत नाही. खिशात मावतो तो कॅमेरा बाहेर निघतो. मावत नाही तो लोखंडी कपाटात राहतो.

स्वस्ताच्या शोधात ऑनलाइन गेलात तर एक वेगळीच जमात भेटेल. माझ्या भाच्यानं असला एक मागवला होता. खोक्यावर '६४ मेगापिक्सल, ४के, १८ एक्स झूम', किंमत फोनच्या चार्जरपेक्षा थोडी जास्त. चालू केल्यावर भिंग पुढे सरकतच नाही, कारण सरकायला आत काही नाहीच. छोट्या सेन्सरवरचा फोटो सॉफ्टवेअरनं फुगवून ६४ करायचा. अर्धा ग्लास संत्र्याच्या रसात दोन तांबे पाणी ओतलं तर रस वाढला म्हणायचं का? ओळखायची खूण सोपी आहे. खऱ्या कॅमेऱ्याच्या भिंगावर मिलिमीटरचे आणि प्रकाशाचे ते दोन आकडे असतात. असल्यांवर नुसतं 'एचडी लेन्स' लिहिलेलं असतं.

नावावरही जाऊ नका. कोडॅकमध्ये स्टीव्हन सॅसन या इंजिनिअरनं १९७५ साली पहिला डिजिटल कॅमेरा बनवला. वजन साडेतीन किलोच्या वर, फोटो ०.०१ मेगापिक्सलचा. त्याच कोडॅकनं २०१२ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. आज कोडॅक पिक्सप्रो नावानं मिळणारे कॅमेरे दुसरी कंपनी परवाना घेऊन काढते. ते वाईट आहेत असं नाही, काही शिकाऊ हातांना बरे आहेत. फक्त आजोबांच्या कोडॅकची पुण्याई त्यांच्या खात्यावर लावू नये.

जुना घेणं हा शहाणपणाचा मार्ग आहे, पण कार्ड बघून. २०१० साली जगभरात १२ कोटींवर डिजिटल कॅमेरे कंपन्यांतून बाहेर पडले, २०२३ मध्ये ८० लाखही नाहीत. त्यामुळे घरोघरी जुने पडून आहेत, आणि हल्लीची पोरं ते हौसेनं शोधतात. त्यातले काही एक्सडी कार्डावर चालतात, जे बनणं केव्हाच बंद झालं. काहींना ३२ जीबीच्या वरचं कार्ड वाचताच येत नाही. फुगलेली बॅटरी असेल तर फुकटही नको.

नवा घेताना 'बिनाबिलाचा स्वस्त पडतो' हे ऐकू येईल. २०१९ च्या सुरुवातीपासून डिजिटल कॅमेऱ्यावर २८ ऐवजी १८ टक्के जीएसटी आहे. ३० हजारांच्या कॅमेऱ्यात कर सुमारे ४,५७६ रुपये. तेवढ्यासाठी वॉरंटी घालवायची का, ते ज्याचं त्यानं ठरवावं. सीताबर्डीच्या दुकानात जाताना स्वतःचं कार्ड खिशात न्या. दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्याचा एक आणि पूर्ण झूम ताणून रस्त्यापलीकडच्या पाटीचा एक फोटो काढा, आणि घरी मोठ्या पडद्यावर बघून मग ठरवा. बाहेर उन्हातही नेऊन बघा. ज्याला डोळा लावायची खिडकी नाही, त्याच्या पडद्यावर वैशाखात स्वतःचंच तोंड दिसतं. शिवाय बहुतेक कॅमेऱ्यांच्या पुस्तिकेत वापराची हद्द ४० अंश लिहिलेली असते. मे महिन्यात आपल्याकडे सावलीतच ती ओलांडली जाते, तेव्हा गाडीच्या काचेखाली कॅमेरा ठेवू नये.

राहिला शेवटचा समज, की कार्डात आहे म्हणजे फोटो सुखरूप आहे. ३० जुलै १९९१ ला वर्धा नदीला पूर आला आणि मोवाड वाहून गेलं. दोनशेहून जास्त माणसं गेली. जिथे भिंती राहिल्या नाहीत तिथे अल्बम कुठून राहणार? तेव्हा फोटोची दुसरी प्रत काढायची तर स्टुडिओत जावं लागे, आता पाच मिनिटं लागतात. मी फिरून आलो की एक प्रत घरच्या संगणकावर ठेवतो, दुसरी पेन ड्राइव्हवर. तो पेन ड्राइव्ह नागपूरला, बहिणीच्या घरी, तिसऱ्या मजल्यावर असतो.