शेंडा कुणाचा खुडावा

वसईच्या पश्चिम पट्ट्यात, निर्मळच्या बाजूला आमची छोटी नर्सरी आहे. नोव्हेंबर सरत आला की नालासोपारा-विरारच्या इमारतींतलं गिऱ्हाईक एकाच खेपेत दोन गोष्टी मागतं: एक ख्रिसमस ट्री आणि टोमॅटोची चार रोपं. दोन्ही गॅलरीत शेजारी ठेवायची आणि सकाळी दोन्हींना एकेक मग पाणी घालायचं, असा बेत असतो. मार्चमध्ये तीच माणसं तक्रार घेऊन येतात. झाड पिवळं पडलं, टोमॅटो नुसताच पाल्याला वाढला. आता एकाला जे लाड लागतात ते दुसऱ्याला बाधतात, त्याला मी काय करणार?

आधी झाडाची ओळख करून घेऊ. आपण ख्रिसमस ट्री म्हणून घरी नेतो तो पाइन नव्हे. खरे पाइन हिमालयात: उत्तराखंड-हिमाचलच्या उतारांवरचा चीड, किंवा किन्नौरचा चिलगोजा, ज्याच्या बिया सुक्या मेव्याच्या दुकानात बदामाहून महाग मिळतात. चीडाचं शंकूसारखं फळ पिकायलाच दोन वर्षं घेतं. त्याच्या मुळांना ठरावीक बुरशीची सोबत लागते, ती मातीत नसेल तर रोप खुरटतं. आणि पाणी मुळाशी तुंबलेलं त्याला अजिबात खपत नाही. आपल्याकडे चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो, बावखलं, म्हणजे गावतळी, तुडुंब भरतात. त्यामुळे मनालीच्या सहलीतून पिशवीत घालून आणलेलं रोप मला कुणी दाखवलं की मी नुसती हसते.

आपण विकतो तो अरौकेरिया. त्याचं माहेर ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला, नॉरफोक बेट आणि न्यू कॅलेडोनियाकडे. 1774 मध्ये कॅप्टन कुक तिथे पोचला, तेव्हा ती उंच सरळसोट खोडं बघून त्याला जहाजाच्या डोलकाठ्या आठवल्या. समुद्राचं खारं वारं सोसणारं हे झाड, म्हणून आपल्या किनाऱ्याला मानवतं. राजोडी, भुईगाव, कळंबच्या किनाऱ्यावर असतं ते मात्र सुरूचं झाड. त्यालाही लोक पाइन म्हणतात, पण ते पाइनच्या गोतावळ्यातलंच नाही. त्याच्या सुया म्हणजे पानं नव्हेत, पेरं असलेल्या बारीक काड्या आहेत. एक तोडून दोन्ही टोकांनी ओढून बघा, पेरापाशी अलगद सुटते.

टोमॅटो आणि ख्रिसमस ट्री यांच्यातला खरा फरक मात्र शेंड्यात आहे. टोमॅटोच्या पानाच्या बेचक्यातून बगलफूट निघते. उंच वाढणाऱ्या जातीची ती खुडावीच लागते, नाहीतर झाड नुसतं झुडूप होतं. खुडलेली फूट पाण्याच्या पेल्यात ठेवा, खाली पांढरी मुळं सुटतात आणि नवं, धड झाड मिळतं. मुख्य शेंडा मोडला तरी बिघडत नाही, बगलेची फूट त्याची जागा घेते. रोप लावताना खोड वितभर मातीत गाडलं तरी चालतं, उलट गाडलेल्या खोडालाच मुळं फुटतात. इतकं समजूतदार झाड दुसरं नसेल.

अरौकेरियाचं गणित उलटं. त्याला एकच शेंडा, आणि चहूबाजूंनी मजल्यासारख्या फांद्या. शेंडा मोडला की ती सुबक उतरंड गेलीच म्हणून समजा. दोन-तीन वेडेवाकडे शेंडे निघतील, पण पहिला डौल परत येत नाही. आडवी फांदी कापून लावली तर मुळं धरते, जगतेही, पण वर जायचं तिला माहीतच नसतं. ती आयुष्यभर आडवीच वाढते. म्हणून ही रोपं बियांपासून किंवा शेंड्याच्या काडीपासूनच करावी लागतात, आणि म्हणूनच ती टोमॅटोच्या रोपापेक्षा इतकी महाग असतात. भाव करताना एवढं लक्षात ठेवा.

पाण्याचंही तसंच. अरौकेरियाची वरची दोन बोटं माती सुकेपर्यंत हात आखडता घ्या. बशीत पाणी साचून मुळं कुजली की खालच्या फांद्या तपकिरी व्हायला लागतात, आणि लोक त्या बघून आणखी पाणी घालतात! टोमॅटोला पाणी थोडंच पण नेमाने हवं. दोन दिवस विसरून तिसऱ्या दिवशी बादली ओतली की फळं तडकतात, नाहीतर बुडाला काळा डाग पडतो. तो रोग नव्हे. पाण्याच्या ओढाताणीत फळापर्यंत कॅल्शियम पोचत नाही. त्यातून विहीर मचूळ असेल तर टोमॅटो जास्तच रुसतो. वसईच्या विहिरींतून टँकरने होणाऱ्या उपशाविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीने लढा दिला, तो याच गोड्या पाण्यासाठी होता. वाडीतल्या भाजीवाल्याला त्याचं मोल वेगळं सांगावं लागत नाही.

2023 च्या जुलैत मुंबईत टोमॅटो किलोला शंभरीपार गेला, तेव्हा नर्सरीत रोपांसाठी रांग लागली होती. पण भर पावसात आपल्याकडे टोमॅटो लावणं म्हणजे करप्याला आवतण. शिवाय कोकणच्या दमट मातीत मर रोगाचे जिवाणू असतातच: सकाळी तजेलदार दिसणारं झाड दुपारी मान टाकतं आणि पुन्हा उठत नाही. जिथे वांगी-मिरची झाली त्याच मातीत टोमॅटो नको, ती सगळी एकाच कुळातली. बंगळुरूच्या बागायती संशोधन संस्थेची ‘अर्का रक्षक’ ही जात मर, लवकर येणारा करपा आणि पानं मुरडणारा विषाणू या तिघांनाही तोंड देते. मिळाली तर तीच घ्या. रोप पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावा. फळ धरायला रात्र थंड लागते, मे महिन्याच्या उकाड्यात फूल गळून पडतं.

गॅलरीत आणखी एक अडचण. टोमॅटोचा पराग फुलाच्या नळीत बंद असतो, भुंग्याच्या गुणगुणीने थरथरला की सांडतो. सातव्या मजल्यावर भुंगा क्वचितच फिरकतो. सकाळी फुलाच्या देठाला बोटाने हलकी टिचकी मारा, काम होतं.

अरौकेरियाला असलं काही लागत नाही. त्याला हवी मोकळी, उजेडाची जागा, आणि कुंडी दर आठवड्याला थोडी फिरवायची, नाहीतर एका अंगाला कलतं. जमिनीत लावलेलं मात्र कलू द्या. ख्रिसमस ट्री म्हणून विकली जाणारी बरीच झाडं कुक पाइन नावाच्या अरौकेरियाच्या जातीची असतात. 2017 मध्ये शास्त्रज्ञांनी पाच खंडांतली 256 कुक पाइन मोजली. ती विषुववृत्ताकडे झुकतात, सरासरी साडेआठ अंश. उत्तर गोलार्धात म्हणजे दक्षिणेला. का, ते नक्की उलगडलेलं नाही. तेव्हा अंगणातलं झाड दक्षिणेला कललं म्हणून त्याला दोरखंड बांधू नका. लावताना घरापासून आणि विजेच्या तारांपासून लांब लावलंत म्हणजे झालं, कारण ते चार-पाच मजले सहज गाठतं.

नाताळात झाड दिवाणखान्यात येतं, दिव्यांनी मढतं, कोपऱ्यात अंधारात उभं राहतं. पंधरवडा सोसेल, महिनाभर नाही. 6 जानेवारीला तीन राजांचा सण झाला की दिवे उतरवा, झाड आधी आठ-दहा दिवस सावलीत आणि मग हळूहळू उन्हात न्या. त्याच सुमारास टोमॅटोची पहिली तोडणी येते. तेव्हा त्याचं पाणी तोडू नका. अरौकेरियाची कुंडी बदलायची ती पावसाळ्याच्या तोंडावर. आणि झाड छताला टेकलं म्हणून शेंडा छाटायचा असेल, तर खुशाल छाटा, फक्त कात्री घेऊन मला बोलावू नका.