मोटारीतील गाणे

नवी मुंबईहून पुण्याकडे जाणारा द्रुतगती महामार्ग कळंबोलीपासून सुरू होतो. पनवेलच्या उंच इमारती मागे पडतात, समोर डोंगरांच्या रांगा दिसू लागतात आणि थोड्याच वेळात भाताणचा बोगदा लागतो. हा बोगदा सुमारे एक किलोमीटर लांबीचा आहे. एका रविवारी सकाळी तीन मोटारी एकामागून एक या बोगद्यात शिरत आहेत, अशी कल्पना करावी. तिन्ही मोटारींत गाणे चालू आहे. पहिलीत रेडिओवर एक चित्रपटगीत लागले आहे. दुसरीत मोबाइलवरून, इंटरनेटच्या साहाय्याने, एक भावगीत ऐकले जात आहे. तिसरीत एक वृद्ध स्त्री जात्यावरच्या ओव्या म्हणत आहे. ती स्त्री मोटारीत नाही. तिचा आवाज तेवढा आहे.

बोगद्यात शिरल्यावर पहिल्या मोटारीतील गाण्यात खरखर मिसळू लागते आणि पाहता पाहता गाणे त्या खरखरीत बुडून जाते. दुसऱ्या मोटारीतील भावगीत काही वेळ चालू राहते; परंतु पुढे घाटात एका वळणावर तेही थांबते आणि पडद्यावर एक लहानसे चक्र नुसते फिरत राहते. तिसऱ्या मोटारीतील ओवी मात्र बोगद्यातही खंडत नाही आणि घाटातही नाही.

असे का व्हावे? तिन्ही मोटारींतील ध्वनिक्षेपक सारखेच आहेत. फरक आहे तो गाण्याच्या मुक्कामाचा. पहिल्या मोटारीतील गाणे रेडिओ केंद्रावर आहे. तेथून निघालेल्या लहरी डोंगराच्या पोटात नीट पोचत नाहीत. दुसऱ्या मोटारीतील गाणे दूरच्या एका संगणकात आहे. त्याचे तुकडे थोडे थोडे करून मोबाइलमध्ये येतात, काही तुकडे आगाऊ येऊन साठून राहतात आणि त्या शिदोरीवर गाणे थोडा वेळ तग धरते. शिदोरी संपली, की ते थांबते. तिसरे गाणे मोटारीतच आहे. अंगठ्याएवढ्या एका वस्तूत ते साठवलेले असून ती वस्तू चालकासमोरच्या फळीतील एका खाचेत बसवलेली आहे.

आपल्या आवडीची गाणी वाहनात आपल्याबरोबर न्यावीत, ही इच्छा मोटारीइतकीच जुनी म्हणावी लागेल. परंतु ती पुरी होण्यास बराच काळ जावा लागला. प्रारंभीच्या ध्वनिमुद्रिका मिनिटाला ७८ फेरे घेत आणि एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावे. मुद्रिकेवर नागमोडी खाच कोरलेली असे आणि त्या खाचेतून सुई फिरे. घरातील स्थिर मेजावर हे सारे ठीक होते. हलत्या मोटारीत सुई खाचेबाहेर उडणार, हे उघड आहे. तरीही १९५६ साली अमेरिकेतील क्रायस्लर या मोटार कंपनीने तसा प्रयत्न करून पाहिला. मिनिटाला १६ पूर्णांक दोन तृतीयांश फेरे घेणाऱ्या खास मुद्रिका त्यासाठी काढण्यात आल्या. या मुद्रिका इतरत्र मिळत नसत आणि यंत्रेही वारंवार बिघडत. काही वर्षांतच तो उद्योग बंद पडला.

सुई गेली आणि प्रश्न सुटला. १९६३ मध्ये नेदरलँड्समधील फिलिप्स कंपनीने कॅसेट आणली. तिच्यातील अरुंद फितीवर लोहाच्या संयुगाच्या अतिसूक्ष्म कणांचा थर असतो. आवाजाच्या चढउतारानुसार हे कण कमीअधिक चुंबकित होतात आणि फीत वाचकशीर्षासमोरून सरकू लागली, की तोच चढउतार विजेच्या रूपाने पुन्हा उमटतो. फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर या वेगाने सरकते. म्हणजे साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये सुमारे ८६ मीटर लांबीची फीत गुंडाळलेली असते! १९८० नंतरच्या काळात महाराष्ट्रातील टॅक्सी, मालमोटारी आणि खाजगी गाड्या कॅसेटच्या गाण्यांनी दुमदुमत असत. भावगीते, अभंग, लावण्या, कव्वाल्या यांच्या कॅसेटींचा ढीग चालकाच्या शेजारी पडलेला असे. कधी यंत्र फीत गिळून टाकी. मग ती हलक्या हाताने बाहेर ओढून, कॅसेटच्या दातेरी चाकात पेन्सिल घालून पुन्हा गुंडाळावी लागे. ज्यांनी हे काम केले आहे, त्यांना त्यातील चिकाटी ठाऊक आहे.

१९८२ मध्ये कॉम्पॅक्ट डिस्क, म्हणजे सी.डी., बाजारात आली आणि आवाज आकड्यांत लिहिला जाऊ लागला. सी.डी.वर आवाजाची उंची सेकंदातून ४४,१०० वेळा मोजून त्या मापांची नोंद केलेली असते. ही नोंद लेसरचा किरण वाचतो. आकड्यांना गंज चढत नाही व नक्कल कितीही वेळा केली तरी ती मुळाबरहुकूम उतरते. पण आकडे फार होतात आणि जागा फार लागते. यावर जर्मनीतील संशोधकांनी जी तोड काढली, तीच एम.पी.३ या नावाने प्रसिद्ध आहे. मोठा आवाज चालू असता त्याच्या जवळचा बारीक आवाज कानाला ऐकू येत नाही. ठाणे-बेलापूर रस्त्यावर ट्रकचा भोंगा वाजतो, तेव्हा कडेच्या झाडावरील चिमण्यांची चिवचिव थांबलेली नसते. आपल्याला ती ऐकू येत नाही, एवढेच. जे कानाला ऐकूच येणार नाही, ते लिहून तरी का ठेवावे? असा विचार करून हे आकडे गाळले, की गाण्याला लागणारी जागा सुमारे एकदशांश होते. सूक्ष्म श्रवणशक्ती असलेल्या रसिकाला यातील उणीव कधीकधी जाणवते. मात्र चाकांचा घरघराट व वाऱ्याचा सूंसूं आवाज चालू असलेल्या मोटारीत ती सहसा कोणाला जाणवणार नाही.

या बचतीचा अर्थ एका उदाहरणाने ध्यानात येईल. ग. दि. माडगूळकरांनी लिहिलेले व सुधीर फडके यांनी स्वरबद्ध केलेले 'गीतरामायण' १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवरून प्रसारित होऊ लागले. त्यात ५६ गीते आहेत. दर आठवड्यास एक नवे गीत लागे आणि लोक ठरलेल्या वेळी रेडिओभोवती जमत. एकेक गीत आठ मिनिटांचे धरले, तर सारी मिळून साडेसात तास होतात. त्यांसाठी साठ मिनिटांच्या आठ कॅसेटी लागतील. एम.पी.३ रूपात मिनिटाला सुमारे एक मेगाबाइट जागा पुरते. म्हणजे हीच गीते साडेचारशे मेगाबाइटमध्ये मावतील. सोळा गिगाबाइटच्या पेन ड्राइव्हमध्ये तर अकरा दिवस व अकरा रात्री अखंड वाजेल, एवढे संगीत राहते.

मात्र या चिमुकल्या वस्तूच्याही काही लहरी आहेत. मोटारीतील यंत्राला प्रत्येक पद्धतीने आखलेला पेन ड्राइव्ह वाचता येत नाही. फॅट ३२ नावाची जुनी आखणी बहुतेक यंत्रांना चालते. काही यंत्रे गाण्याच्या नावातील देवनागरी अक्षरे ओळखत नाहीत आणि त्यांच्या जागी रिकामे चौकोन दाखवतात. मराठी मुलांनी याचा राग अवश्य मानावा. दुसरी गंमत क्रमाची. पुष्कळ यंत्रे गाण्यांची नावे शब्दकोशाप्रमाणे लावतात. गीतरामायणाच्या गीतांना १, २, ३ असे आकडे दिले, तर यंत्र १ नंतर १० ते १९, मग २, मग २० ते २९ असा क्रम लावते. सहाव्या गीतातील रामजन्माची पाळी अगदी शेवटी शेवटी येते आणि रावणाचा वध त्याच्या कितीतरी आधी होऊन जातो! आकडे ०१, ०२, ०३ असे लिहिले, की रामकथा पुन्हा सुरळीत चालू लागते.

ज्यांची गाणी मोबाइलमध्येच साठवलेली आहेत, त्यांना पेन ड्राइव्हची गरज नाही. मोबाइल मोटारीला तारेने जोडता येतो. किंवा बिनतारी, ब्लूटूथने. ही पद्धती स्वीडनमधील एरिक्सन कंपनीत १९९४ पासून आकारास आली. डेन्मार्क व नॉर्वे एका सत्तेखाली आणणाऱ्या दहाव्या शतकातील हॅराल्ड ब्लूटूथ राजाचे नाव तिला दिले आहे, कारण तिनेही निरनिराळी यंत्रे एकत्र आणावयाची होती. तिच्या लहरी साधारणपणे दहा मीटरपर्यंत पोचतात. आजूबाजूला त्याच प्रकारच्या लहरींची गर्दी असते. म्हणून मोबाइल आणि मोटार ७९ मार्गांपैकी कोणत्या क्षणी कोणता धरावयाचा, हे आपसांत ठरवून सेकंदाला १६०० वेळा मार्ग बदलतात. प्रथम ओळख करून देताना पडद्यावर एक अंक दिसतो व तो दोन्हीकडे जुळला, की पुढे दोघे आपण होऊन एकमेकांना ओळखतात.

जुन्या मोटारीत नुसता रेडिओच असेल, तरी निराश होण्याचे कारण नाही. सिगारेट पेटवण्याच्या खाचेत बसणारे एक छोटे प्रक्षेपक यंत्र मिळते. ते मोबाइलमधील किंवा पेन ड्राइव्हमधील गाणे अगदी क्षीण लहरींनी सोडते आणि मोटारीचा रेडिओ ते पकडतो. जणू मोटारीतले स्वतःचे रेडिओ केंद्रच! अडचण एवढीच, की ८८ ते १०८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात त्याला रिकामी जागा शोधावी लागते आणि नवी मुंबईत मुंबईच्या केंद्रांची दाटी आहे. वाशीला मोकळी असलेली जागा लोणावळ्यानंतर मोकळी असेलच, असेही नाही.

आता दुसऱ्या मोटारीकडे वळू. तिच्यातील भावगीत 'ढगात' असते, असे म्हणण्याचा प्रघात आहे. हा ढग आकाशात नाही, जमिनीवर आहे. आणि त्याचा एक भाग नवी मुंबईतच आहे. पूर्वी जेथे रासायनिक कारखान्यांची गर्दी होती, त्या ऐरोली, रबाळे, महापे पट्ट्यात आज मोठमोठी माहिती केंद्रे उभी आहेत, पनवेलजवळही आहेत. या इमारतींतून हजारो संगणक अहोरात्र चालू असतात आणि ते तापू नयेत म्हणून थंड हवा खेळवावी लागते. नेरूळच्या मुलाने मागितलेले गाणे कधी दूरदेशीहून येते, तर कधी चार-दोन मैलांवरच्या अशा एखाद्या इमारतीतूनही येत असेल. हा संग्रह अफाट आहे, त्यापुढे घरचे कपाट काहीच नव्हे. परंतु तो आपला नव्हे. वर्गणी थांबली, अथवा गाण्याचा मालक आणि कंपनी यांच्यातील करार संपला, की काल ऐकलेले गाणे आज सापडत नाही. शिवाय त्यात जे कोणी घातलेच नाही, ते कधीच मिळत नाही.

यंत्र कोणतेही असो, चालकाने गाण्यांची निवड मोटार सुरू करण्यापूर्वीच करावी. हातात मोबाइल धरून वाहन चालवणे हा कायद्याने गुन्हा आहे. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार सेकंदाला २२ मीटर पुढे जाते. गाणे शोधण्यासाठी तीन सेकंद नजर पडद्यावर गेली, तर तेवढ्यात ६६ मीटर रस्ता न पाहताच कापला जातो. गाणे बदलण्याचे काम शेजारी बसलेल्या मुलामुलींनी करावे. ते त्यांना हवेच असते. आवाजही मागून येणाऱ्या रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू येईल, इतकाच ठेवावा.

राहिली ती तिसऱ्या मोटारीतील ओवी. ती कोणत्याही माहिती केंद्रात नाही. चाळीस वर्षांपूर्वी गावाकडच्या घरात, पहाटेच्या वेळी, कोणी तरी जात्याशेजारी टेपरेकॉर्डर ठेवून ती घेतली. गाणाऱ्या आजीच्या आवाजामागे जात्याची घरघर आहे, बांगड्यांची किणकिण आहे आणि मध्येच कोणा लहान मुलाचे रडणेही आहे. ही कॅसेट नेरूळच्या घरात कपाटाच्या वरच्या फळीवर वर्षानुवर्षे पडून होती. खाडीकाठच्या दमट हवेत अशा फितीवर पांढरी बुरशी चढते, कण सुटू लागतात आणि आवाज पुसट होतो. तो एकदा गेला, की कोठूनही परत आणता येत नाही.

अशी कॅसेट सापडली, तर प्रथम बुरशी आहे का, ते पाहावे. असल्यास ती तशीच यंत्रात न घालता जाणकाराकडून स्वच्छ करून घ्यावी. नंतर चांगल्या टेपरेकॉर्डरची तार संगणकाला जोडावी, ध्वनी नोंदवणारी आज्ञावली सुरू करावी आणि कॅसेट वाजवावी. पेन ड्राइव्हमधील शंभर गाण्यांची नक्कल काही मिनिटांत होते. येथे तशी घाई चालत नाही. साठ मिनिटांची कॅसेट उतरवून घेण्यास साठ मिनिटेच लागतात आणि तेवढा वेळ कोणी तरी शेजारी बसून ऐकावे लागते. तयार झालेल्या नोंदीला गाणारीचे नाव, गाव आणि साल द्यावे, आणि तिच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवाव्यात. अर्ध्या तासाने खटका वाजतो. मग उठून कॅसेट उलटी घालावी. दुसऱ्या बाजूलाही ओव्या आहेत.